न वाजलेली स्प्रिंग

अण्णांना दवाखान्यातून घरी आणलं आणि माणसं भेटायला येऊ लागली. येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट बघायची होती. टाके.

बिस्किटाचा पुडा टेकवायचा, शहाळं कोपऱ्यात ठेवायचं, आईने दिलेलं पाणी घोटभर प्यायचं आणि मग अण्णांच्या छातीकडे मान पुढे काढून विचारायचं, "कुठून फाडलं?"

"फाडलं नाय," अण्णा म्हणायचे.

"मग?"

"मांडीतून नळी घातली."

नांदगावहून आलेली आत्या तर हे ऐकून आईकडेच वळली. "वहिनी, दादाचं डोकं ठिकाणावर हाय ना? दुखणं छातीत आन् नळी मांडीत?"

जखम होती, नाही असं नाही. उजवी मांडी जिथे पोटाला मिळते तिथे एक काळानिळा डाग आणि त्याच्या मधोमध सुई टोचल्यासारखा ठिपका. पण ती जागा चारचौघांत दाखवण्यासारखी नव्हती. त्यामुळे आमच्या घरात एवढं मोठं काहीतरी होऊन गेलं होतं, आणि झालं म्हणून दाखवायला आमच्याकडे काही नव्हतं.

शेजारच्या काकांकडे मात्र होतं. त्यांची बायपास मुंबईला झाली होती. गळ्याखालून निघून थेट पोटापर्यंत उतरलेली ती शिवण त्यांनी आमच्या चाळीतल्या लहान पोरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवली होती. आमच्या घरात पाहुणे आले की काका हटकून यायचे, आणि बोलता बोलता शर्टाची वरची बटणं काढायचे.

"हे बघा. याला म्हनत्यात ऑपरेशन. आमच्या दोस्ताला तर मुंगी पण चावली नाय."

सगळे हसायचे. अण्णाही हसायचे. पण हसून झाल्यावर त्यांचा हात बनियनवरून छातीवर जायचा आणि तिथेच थोडा वेळ राहायचा. ते काहीतरी चाचपताहेत असं मला वाटायचं. तेव्हा मी त्याचा फार विचार केला नाही.

ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. आम्ही सातपूरला कामगारांच्या वसाहतीत राहायचो. विहाराच्या मागच्या ओळीत आमच्या दोन खोल्या होत्या. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. शहर बसने कॉलेजला जायचे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. घरात मोठी म्हणून अण्णाही मला ताईच म्हणायचे. माझ्या शिकण्याबद्दल त्यांना अभिमान होता आणि थोडी भीतीही होती, असं आता वाटतं. काही छापील कागद घरात आला की ते तो माझ्या हातात देऊन समोर उभे राहायचे. मी वाचायचे. मला सगळं कळायचं असं नाही. पण कळलं नाही असं सांगायला धीर लागतो, तो माझ्यात नव्हता.

दवाखान्यातही मलाच पुढे केलं गेलं. अण्णांच्या छातीत कामावर असताना कळ आली होती. घाम फुटला, डावा हात भरून आला. कंपनीच्या गाडीतून त्यांना शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी तपासणी करायची आणि अडथळा सापडला तर तिथेच तो उघडायचा असं सांगितलं. ते भराभर बोलत होते, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. हृदयाला रक्त नेणारी एक नळी अरुंद झाली आहे, तिच्यात बारीक फुगा नेऊन फुगवायचा, नळी रुंद झाली की ती पुन्हा मिटू नये म्हणून आत तारेची जाळी बसवायची. "म्हणजे स्प्रिंगच म्हणा ना," ते दोन बोटांत माप दाखवत म्हणाले. मी मान डोलावली.

नंतर त्यांनी मला एका काळोख्या खोलीत बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. करड्या रंगावर काळ्या फांद्या हलत होत्या. एका फांदीची कंबर कोणीतरी चिमटीत धरल्यासारखी बारीक झाली होती. मग दुसरं चित्र. त्यात तीच फांदी सरळ, भरलेली.

"दिसलं ना? आधी असं, आता असं."

"हो सर."

बाहेर आले तर आई उभीच. "काय म्हनले?"

"नळी उघडली."

"तू पाह्यलं?"

"पाहिलं."

मी पाहिलं होतं हे खरं. पण काय पाहिलं होतं? फांद्यांवर कोणाचं नाव नव्हतं. त्या अण्णांच्या होत्या हे डॉक्टर म्हणाले म्हणून. ही शंका तेव्हाच माझ्या मनात येऊन गेली, आणि मी ती कोणालाही सांगितली नाही. वसाहतीत अशा गोष्टी खूप बोलल्या जायच्या. आत नेतात, पडदे लावतात, नुसतं पाडून ठेवतात आणि बाहेर येऊन झालं म्हणतात. कुणाच्या मेव्हण्याला असं, कुणाच्या साडूला तसं. ज्याच्या बाबतीत झालं तो माणूस मात्र कधीच समोर भेटायचा नाही.

अण्णांची अडचण वेगळी होती. त्यांना भूल दिलीच नव्हती. मांडीजवळची जागा तेवढी बधिर केली होती, बाकी ते पूर्ण जागे होते.

"मी सगळं ऐकत होतो," ते आईला सांगायचे. "दोघं जन द्राक्षाच्या भावावर बोलत होते. निफाडला एकाचा बाग हाय वाटतं. छातीत लोखंड बसवनारा मानूस द्राक्षाचं बोलंल का?"

"मंग काय बोलंल?"

"गप राहील. ध्यान लागंल त्याचं. आन् दुखलं पन नाय मला. थोडं गरम वाटलं, बस."

आई म्हणायची, दुखलं नाही हे चांगलंच झालं की. अण्णा म्हणायचे, "दातात चांदी भरली तवा केवढं दुखलं होतं."

अण्णांचं काम काय होतं ते सांगितलं तर हे सगळं नीट कळेल. ते एका कारखान्याच्या फाटकावर होते. तिथे पितळेचे लहानमोठे भाग बनायचे, आणि सुटीच्या भोंग्यानंतर बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची तपासणी अण्णांकडे होती. डबा उघडायला लावायचे, पिशवी झटकायला लावायचे. हातात धरायचा एक डिटेक्टर होता, चपटा, मुठीला कातडी पट्टा असलेला. धातू जवळ आला की तो टुंऽ करून ओरडायचा. कामगार त्याला पिपाणी म्हणायचे. "चला, साहेबांची पिपाणी वाजवून घ्या," असं म्हणत रांगेत उभे राहायचे. बुटाच्या तळाखाली लपवलेल्या पितळी बुशा, म्हणजे छोटी नळकांडी, अण्णांनी त्या पिपाणीवर पकडल्या होत्या. पावाच्या आतली चकती पकडली होती. ती वाजली म्हणजे आहे, नाही वाजली म्हणजे नाही. इतकी वर्षं त्यांनी माणसं सोडली आणि अडवली ती या एका आवाजावर.

दुसरं हत्यार त्यांचं स्वतःचं होतं. एखाद्यावर शंका आली की ते त्याला एक प्रश्न विचारायचे. मग घरचं विचारायचे, पोरांचं, गावच्या पावसाचं. आणि मध्येच तोच प्रश्न पुन्हा. ते म्हणायचे, खरं बोलणारा दुसऱ्या खेपेला थोडं वेगळं सांगतो, त्याला मधल्या मधे काहीतरी आठवतं. पाठ करून आलेला मात्र तेच्या तेच म्हणून दाखवतो. हा प्रयोग त्यांनी माझ्यावरही केला होता, मी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले होते तेव्हा. मी पास झाले होते, कारण मला दुसऱ्या वेळी मैत्रिणीकडची मांजर आठवली.

विश्रांती संपवून अण्णा कामावर रुजू झाले. त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांच्या हातात पिशवी होती. त्यांनी दार लावून घेतलं. पिशवीतून पिपाणी काढून गादीवर ठेवली.

मी बघतच राहिले. कारखान्याचा एक खिळा त्यांनी कधी घरी आणला नव्हता. माझ्या सायकलला एक वायसर हवा होता तेव्हाही त्यांनी तो दुकानातून विकत आणला होता.

"बॅटरी बदलून आनतो म्हनलं सुपरवायझरला," ते म्हणाले. "सकाळी परत नेतो. बस इथं, ताई. तू पन बस गं."

त्यांनी पिपाणी सुरू केली आणि आईच्या गळ्याजवळ नेली. मंगळसूत्रावर ती ओरडली. स्वतःच्या पट्ट्याच्या बकलावर ओरडली. माझ्या केसांतल्या पिनेवर ओरडली. मग त्यांनी शर्ट काढला, बनियन काढला, आणि पिपाणी डाव्या छातीवर टेकवली. फिरवली. वर, खाली, काखेकडे. दाबून धरली.

काही नाही.

"बघ. गेटवर पन असंच. धा वेळा करून पाह्यलं." त्यांचा आवाज मोठा नव्हता. "आत काही नाय. फसवलं आपल्याला."

आई म्हणाली, "आसं कसं फसवतील? एवढा मोठा दवाखाना."

"मोठ्या बुटातच माल सापडतो."

मग ते उठले. खिडकीत औषधांची डबी होती. डॉक्टरांनी सोडताना बजावून सांगितलं होतं की रक्त पातळ ठेवणाऱ्या या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. स्प्रिंग नवी असते, तिच्यावर रक्ताची गुठळी बसली तर नळी एकदम बंद पडते. हे वाक्य मला नीट कळलं होतं, कारण ते त्यांनी सावकाश, मराठीत सांगितलं होतं. अण्णांनी ती डबी कपाटाच्या वर, सुटकेसच्या मागे ठेवून दिली.

"स्प्रिंगच नाय, तर स्प्रिंगच्या गोळ्या कशाला? त्या गोळ्यांनी पोटात जळजळतं माझ्या."

"अण्णा, असं करू नका."

"मंग तू सांग. तू शिकलीस. हाय का नाय आत?"

मी काय सांगणार होते? आहे म्हणावं तर मी त्या फांद्या पाहिल्या होत्या एवढंच. नाही म्हणावं तर गोळ्या बंद. "मला माहीत नाही," मी म्हणाले. त्यांना हे उत्तर आवडलं असावं. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "ही खरं बोलली."

नंतरचे दिवस मला आठवतात ते त्यांच्या श्वासाच्या आवाजासकट. ते जिना चढून आले की मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायचे. वर्गात बसलेली असायचे आणि शिपाई दारात आला की मला वाटायचं, माझ्यासाठीच निरोप आहे. आई त्यांच्या वरणात गोळी कुटून घालायचं म्हणत होती. मी तिला थांबवलं. त्यांना कळलं असतं, तर मग त्यांनी आमच्या हातचं जेवणही सोडलं असतं.

शेजारच्या काकांना हे कळलं आणि त्यांना उत्साहच आला. "मी पह्यल्या दिवशीच म्हनलो होतो. टाका नाय, डाग नाय. चल, युनियनची चार पोरं घेऊन जाऊ."

"कशाला पोरं?" अण्णा म्हणाले. "मी एकटा बास हाय. मला इचारता येतं."

सुटीच्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो, अण्णा आणि मी. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आत गेल्यावर खुर्चीच्या कडेवर बसले, पण नजर थेट डॉक्टरांवर.

"साहेब, ती स्प्रिंग मशीनमधी वाजती का? आमच्या गेटवर मशीन हाय."

डॉक्टर हसले. "काका, ही स्प्रिंग इतकी बारीक असते की कुठल्याही मशीनमध्ये वाजत नाही. अगदी निर्धास्त राहा."

"बरं बरं." अण्णांनी मान हलवली. मग भात चालेल का ते विचारलं. अंड्याचं विचारलं. तुमचा बाग निफाडला कुठं हाय, म्हणून विचारलं. डॉक्टर चकित झाले, म्हणाले बाग माझ्या भावाचा, यंदा डावणी रोगाने पार वाट लावली. दोघं थोडा वेळ द्राक्षांवर बोलले. आणि मग अण्णा उठता उठता म्हणाले, "ते मशीनचं काय म्हनले तुम्ही? का नाय वाजत?"

"काका, ही स्प्रिंग इतकी बारीक असते की कुठल्याही मशीनमध्ये वाजत नाही. अगदी निर्धास्त राहा."

शब्दाला शब्द. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. दिवसभर तोच प्रश्न विचारणारी माणसं येत असणार, तेच उत्तर देऊन देऊन ते डॉक्टरांच्या तोंडात बसलं असणार, हे मला घरी आल्यावर सुचलं. त्या क्षणी मलाही ते पाठ केल्यासारखंच वाटलं.

अण्णा दाराकडे निघाले होते. मी तिथेच उभी राहिले आणि म्हणाले, "सर, यांनी गोळ्या बंद केल्यात."

डॉक्टरांचं हसू गेलं. ते खुर्चीतून उठून टेबलाला वळसा घालून आले. "कधीपासून? कुणी सांगितलं बंद करायला? काका, तुम्हाला कळतंय का, बसल्या जागी जाल तुम्ही!" त्यांनी अण्णांचा दंड घट्ट धरला होता.

मला तिथे पहिल्यांदा वाटलं की स्प्रिंग आहे. ते घाबरणं पाठ केलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिथेच एक गोळी आणवली, पाणी आणवलं. अण्णांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले, नमस्कार केला. सीबीएस स्टँडच्या थांब्यावर बसची वाट बघताना त्यांनी तोंड बाजूला वळवून ती गटारीत थुंकली.

"अण्णा!"

"पाह्यलं का, कसा घाबरला? पिशवी उघड म्हनलं की मानूस असाच घाबरतो."

"ते तुमच्यासाठी घाबरले."

"माझ्यासाठी कोन घाबरतं, ते मला म्हाईत हाय," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग बस आली. मला राग येत होता तो कुणाचा, हेही कळत नव्हतं. डॉक्टर हसले तेही अण्णांनी पुराव्यात धरलं, घाबरले तेही धरलं. आता कुणीही काहीही म्हणालं तरी ते एकाच पारड्यात पडणार होतं. आत स्प्रिंग आहे हे मी त्यांना दाखवूच शकत नव्हते. मलाच ते नक्की माहीत नव्हतं.

पण पिपाणीला माहीत आहे, हे तरी नक्की कशावरून?

हा विचार मला वर्गात आला. कुठला तास होता आठवत नाही, हिशेबाचा असावा. मी पेनचं बटण टकटक करत होते आणि शेजारची वैतागून म्हणाली, "अगं, बंद कर ना ते." मी पेन उघडलं. आतली स्प्रिंग तळहातावर घेऊन बघितली. करंगळीच्या नखापेक्षा दुप्पट लांब. डॉक्टरांनी बोटांनी दाखवली होती ती बहुधा हिच्यापेक्षाही बारीक होती.

येताना मी सातपूरच्या मंडईतून एक पपई घेतली. मोठी, छातीशी धरली तर दोन हात लागतील अशी, अजून थोडी हिरवट. आईला सगळं सांगितलं. तिने स्वेटर विणायची सुई काढून दिली. देठाजवळ सुईने भोक पाडलं, त्यातून स्प्रिंग आत घातली आणि सुईनेच ढकलत ढकलत मधोमध नेली. सुई बाहेर काढली तेव्हा भोकाच्या तोंडाशी चिकाचा एक थेंब आला. आईने तो पदराने पुसला. राहिला तो नुसता ठिपका.

आईने त्या ठिपक्याकडे बघितलं आणि एकदम हसायला लागली. "हिला भेटायला बोलवा आता, बिस्किटं घेऊन." हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने दुसरीकडे वळून पुसलं.

दुपारी मी कारखान्याच्या फाटकावर गेले. पाळी सुटायला वेळ होता. अण्णा त्यांच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसले होते.

"काय गं, आज इकडं?"

"पपई आणली. तपासा."

"येड लागलं का?"

"बाहेरून आलेला माल आहे. तपासल्याशिवाय आत कशी घेणार?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. हसत त्यांनी पिपाणी घेतली आणि पपईवरून फिरवली. सगळ्या बाजूंनी, सवयीने, नीट. ती वाजली नाही.

"झालं समाधान? ठेव तिथं."

"काही नाही ना आत?"

"पपईत काय असनार?"

"अण्णा, पुन्हा बघा."

हे मी काय विचारते आहे ते त्यांच्या लक्षात आलं असावं. हसू थांबलं. त्यांनी पपई मांडीवर घेतली आणि पिपाणी दाबून दाबून फिरवली, जशी त्या दिवशी छातीवर फिरवली होती. मग त्यांचं बोट देठाजवळच्या ठिपक्यावर थांबलं.

खणातला चाकू काढून त्यांनी स्वतःच पपई उभी चिरली. बियांत बोट घालून शोधलं. स्प्रिंग निघाली तेव्हा तिच्यावर दोन काळ्या बिया चिकटलेल्या होत्या. त्यांनी ती शर्टाला पुसली आणि पिपाणीला अगदी चिकटवून धरली. टुं. लहानसा आवाज. लांब नेली, आवाज बंद. जवळ आणली, टुं. पपईची अर्धी फोड मध्ये धरली, बंद.

मला वाटलं होतं ते माझ्याकडे बघून काहीतरी म्हणतील. ते फाटकाकडे बघत होते.

"लय वर्सं झाली," ते म्हणाले. "डब्यात फळं घेऊन येनारी मानसं लय हायेत इथं."

मला रडावं की हसावं कळेना. मी आले होते त्यांच्या जिवासाठी आणि ते मोजत होते की इतक्या वर्षांत फळांतून काय काय बाहेर गेलं असेल. एक कामगार आत जाताना ओरडला, "साहेब, पार्टी चाललीय का?" अण्णांनी त्याच्या हातातल्या पिशवीकडे अशा नजरेने बघितलं की तो गुमान पुढे गेला. दुसऱ्या दिवसापासून अण्णा सुटीच्या वेळी डब्यांत उरलेली केळी सोलून आणि पेरू कापून बघू लागले, आणि त्यावरून कामगारांनी त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण तेव्हा केबिनमध्ये मी म्हणाले, "अण्णा, म्हणजे ती आत असू शकते."

"असू शकती. नसू पन शकती." त्यांनी हात पुसले. "तुझी पपई एवढंच सांगती की पिपाणीला कळत नाय. डॉक्टर खरा हाय असं नाय सांगत."

"नाही सांगत."

"मंग?"

"मला माहीत नाही. पण मला तुमच्यासाठी भीती वाटते. कॉलेजात लक्ष लागत नाही माझं."

हे असं सरळ मी त्यांना कधीच बोलले नव्हते. आमच्यात बोलायची पद्धत नव्हती. त्यांनी पपईच्या फोडी बाजूला सारल्या. मग आवाज एकदम कामावरचा काढून म्हणाले, "हे बघ ताई. गेटवर मानूस आला, वाजलं नाय, पन शंका हाय. तवा काय करायचं असतं? सोडायचं नाय आन् चोर पन म्हनायचं नाय. बसवून ठेवायचं. पानी द्यायचं. जवर कळत नाय तवर बसवून ठेवायचं."

मला लगेच समजलं नाही.

"शंका फिटंपर्यंत गोळ्या घेतो," ते म्हणाले. "पन त्या डॉक्टरवर माझा इस्वास नाय, हे तुझ्या आईला सांगून ठेव."

मी सांगितलं. आईने ते अर्धंच ऐकलं. तिने स्टुलावर चढून सुटकेसच्या मागची डबी काढली, पदराने पुसली आणि खिडकीत ठेवली. संध्याकाळी अण्णा घरी आले, हातपाय धुतले, आणि आई गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहिली. सीबीएसच्या थांब्यावरची गोष्ट मी तिला सांगून टाकली होती.

अण्णांनी गोळी टाकली. पाणी प्यायले. पेला परत दिला.

आई हलली नाही. "तोंड उघडा."

"घेतली ना."

"उघडा म्हनते ना."

त्यांनी तोंड उघडलं. आईने त्यांची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली, आत डोकावली.

"जीभ वर करा."

त्यांनी जीभ वर केली.